कूलरचा पंप आपोआप बंद करायची आयडिया आहे, पुढे काय करू?

तर्री_पोहा

राम राम मंडळी. त्रिमूर्तीनगरात राहतो, मेकॅनिकल झालंय, बुटीबोरीत एका कंपनीत शिफ्ट ड्यूटी करतो. बऱ्याच दिवसांपासून एक आयडिया डोक्यात घोळून राहिली आहे, आज म्हटलं विचारूनच टाकू.

आपला नागपुरी कूलर सगळ्यांना माहीत आहे. पत्र्याची बॉडी, तीन बाजूंनी ताट्या (पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्या), खाली टाकी आणि टाकीत छोटा पंप. मे महिन्यात त्याच्यासारखं सुख नाही. पण रोहिणी संपून मृगाचे ढग जमायला लागले की तोच कूलर छळतो. खोलीभर चिकचिक, चादर ओलसर, डब्यातले पापड सादळलेले. मग रात्री कोणीतरी उठायचं, पंप बंद करायचा, नुसता पंखा चालू ठेवायचा. थोड्या वेळाने उकडलं की पुन्हा उठायचं. हे काम मशीनने का करू नये? एक छोटा डबा असेल. तो हवेतली आर्द्रता मोजेल, पंप चालू-बंद करेल आणि सगळं मोबाइलवर दाखवेल. माझ्या हिशेबाने यात तीस टक्के वीज वाचते.

प्रेझेंटेशन तयार आहे, नाव ठरलंय, लोगोही झालाय. फक्त बनवायचं बाकी आहे. मला कोडिंग येत नाही आणि सर्किटमधलं फारसं कळत नाही. कॉलेजचा एक मित्र हे करू शकतो, पण तो निम्मा हिस्सा मागून राहिला. मी म्हणतो आयडिया माझी, त्याला दहा टक्के पुष्कळ झाले. तर आधी पेटंट घ्यावं का? मित्राला किती द्यावं? का सरळ एखाद्या मोठ्या कूलर कंपनीला आयडिया विकावी? आणि हात जोडून विनंती, कोणी चोरू नका.

संत्रा_गोळी

लोगो झाला म्हणजे विषयच संपला ना भाऊ. आता फक्त कूलर उरला.

(गंमत केली. आयडिया चांगली आहे, आमच्या घरी हवा आहे हा डबा.)

हिंगणा_पॅनेलवाले

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. शेतीच्या आणि सोसायट्यांच्या पंपांची कंट्रोल पॅनेल बनवतो. ‘फक्त बनवायचं बाकी आहे’ म्हणणारी पोरं आमच्याकडे अधूनमधून येतच असतात, म्हणून तुझं लिहिणं दोनदा वाचलं.

आधी चोरीचं. जूनमध्ये मध्यरात्री उठून पंप बंद केलेल्या प्रत्येक नागपूरकराच्या डोक्यात ही आयडिया एकदा येऊन गेलेली आहे. बटण बंद करून तो परत झोपला, एवढंच. आर्द्रता पाहून चालू-बंद होणाऱ्या स्विचला ह्युमिडिस्टॅट म्हणतात, जुनीच वस्तू आहे. आर्द्रतेवर चालणारे कूलरही बाजारात मिळतात. तेव्हा त्या बाजूने निर्धास्त राहा.

पेटंट नुसत्या कल्पनेला मिळत नाही. वस्तू किंवा पद्धत नवी लागते, आणि त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचणार नाही अशी लागते. शिवाय तू इथे जेवढं लिहिलंस तेवढं आता जगजाहीर झालं, त्यावर नवेपणाचा दावा करणं अवघड. उद्या बनवता बनवता खरोखर नवं काही हाती लागलं तर मात्र तोंड बंद ठेव आणि प्रोव्हिजनल अर्ज टाक. एकट्या माणसाला ऑनलाइन १६०० रुपये फी आहे, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. वकिलाचे पैसे वेगळे. त्याआधी जुनी पेटंट चाळून पाहा, ऑनलाइन फुकट पाहता येतात. आपल्या गावात सिव्हिल लाइन्सला पेटंट इन्फर्मेशन सिस्टीमचं कार्यालय १९८० पासून आहे, हे निम्म्या नागपूरला माहीत नाही. जाऊन विचार.

आता विजेचं. तुझे तीस टक्के कुठून आले ते कळलं नाही. कूलरचा पंप साधारण १८ ते ४० वॅटचा असतो, वीज खातो तो पंखा. १८ वॅटचा पंप दहा तास बंद ठेवला तर ०.१८ युनिट वाचतं. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. ती स्लाइड काढून टाक, नाहीतर कूलर कंपनीतला पहिलाच माणूस तिथेच फाइल मिटवेल.

राहिलं बनवायचं. टेबलावर हे एका सुटीच्या दिवशी होतं, त्यासाठी मित्राचीही गरज नाही. ईएसपी८२६६ चा बोर्ड (वायफाय असलेला छोटा कॉम्प्युटरच), तापमान-आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, एक रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, आणि इंटरनेटवर तयार पडलेला कोड. आर्द्रता वाढली की रिले टक् वाजेल आणि तुला वाटेल झालं. खरं काम त्या दिवशी सुरू होतं.

तो सेन्सर लावणार कुठे? कूलरच्या तोंडाशी लावलास तर तो ताट्यांतून आलेली ओली हवा मोजेल आणि मे महिन्यातही पंप बंद करून टाकेल. डब्यातच ठेवलास तर पॉवर सप्लायची गरमी मोजेल. खोलीत लांब भिंतीवर लावायचा तर वायर कोण ओढणार? ६५ टक्क्यांना बंद आणि ६५ लाच चालू ठेवलंस तर रिले रात्रभर टकटक करत राहील. चालू आणि बंदच्या आकड्यांत अंतर ठेवावं लागतं, शिवाय एकदा बंद झाल्यावर काही मिनिटं हलायचं नाही असा नियम घालावा लागतो. पंपाची मोटर म्हणजे कॉइल. ती बंद होताना रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. रोज पडत राहिली की कॉन्टॅक्ट खराब होतात, कधी चिकटूनच बसतात, म्हणून ती ठिणगी दाबणारा आरसी स्नबर लागतो. डबा बाहेर कूलरच्या अंगावर लावलास तर तिथे दुपारचं ऊन. बाहेर ४५ असताना उन्हातल्या बंद डब्यात ६० च्या वर सहज जातं. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमधला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर दहा अंशांमागे निम्म्या आयुष्याचा होतो, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. टेबलावर वर्षभर चाललेली वस्तू नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या दिवसांत, आठ दिवसांत मान टाकते ती यामुळे.

आणि पाण्याची पातळी. तू दोन खिळे पाण्यात सोडून ‘करंट लागला म्हणजे पाणी आहे’ असं करशील, सगळेच तिथून सुरुवात करतात. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका पॅनेलचे ते खिळे मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवले आहेत, नव्या पोरांना दाखवायला. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, सतत सोडल्याने एक खिळा पेन्सिलीच्या टोकासारखा खाल्ला गेलाय आणि दुसऱ्यावर पांढरा दगड चढलाय. कूलरच्या टाकीत तर हे जास्तच होणार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, वरून तू पुन्हा बोअरचं ओततोस. रीड स्विचचा फ्लोट वापर (पाण्यावर तरंगणारा, आतल्या चुंबकाने चालणारा स्विच), आणि तोही महिन्यातून एकदा काढून पुसता येईल असा बसव.

यातलं काहीच तुझ्या प्रेझेंटेशनमध्ये नसणार. हा दोष तुझा नाही, ते बसून सुचतच नाही. पण मित्र निम्मा हिस्सा मागतोय तो याच कामाचा.

ओला_फुगा

काकांनी हार्डवेअर सांगितलं, मी हवेचं सांगतो. (शिकवायचं काम करतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

कूलर हवेला कितीपर्यंत थंड करू शकतो हे ओल्या फुग्याच्या तापमानावर ठरतं, म्हणजे थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं की तो जे दाखवतो त्यावर. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला फुगा साधारण २४ ला असतो. साध्या ताट्या मधल्या अंतराच्या ७० टक्के खाली आणतात असं धरलं तर कूलरमधून ३० च्या आसपास हवा येते. आता जूनची संध्याकाळ घ्या. बाहेर ३४, आर्द्रता ७० टक्के, ओला फुगा २९ च्या थोडा वर. कूलरची हवा पुन्हा ३० ते ३१.

दोन्ही वेळा थर्मामीटर जवळपास तेच सांगतो. फरक एवढाच की मेमधल्या त्या हवेत घाम वाळतो आणि जूनमधली हवा ९० टक्क्यांच्या घरात भिजलेली असते. म्हणजे तापमान पाहून पंप चालवणारं यंत्र इथे साफ फसेल. तुम्ही आर्द्रता धरली आहे, दिशा बरोबर आहे. पण ‘६५ वर गेली की बंद’ हा नियम कच्चा आहे. तापमान आणि आर्द्रता दोन्ही घ्या, त्यातून ओला फुगा काढा आणि पंप चालवून किती अंश मिळणार ते बघा. तीन-चार अंशच मिळत असतील तर पंप बंद. कोडमध्ये ते एक सूत्र आहे, जास्त काही नाही.

सेन्सरवर मात्र आंधळा विश्वास नको. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतंय ना? देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. तिथे निदान दुसरी काही केंद्रं ४४ दाखवत होती म्हणून शंका घेता आली. तुमच्या डब्यात एकच सेन्सर आहे. तो अडकून ९९ टक्के दाखवत बसला तर भर मेमध्ये पंप बंद राहील, आणि घरातले लोक पहिल्यांदा तुमचाच डबा उपटून फेकतील. आकडा अविश्वसनीय वाटला तर काय करायचं हे आधीच ठरवा. माझ्या मते पंप चालू ठेवायचा आणि लाल दिवा लावायचा.

तर्री_पोहा

सगळ्यांचे आभार. तीस टक्के मी मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं, काढतो ती स्लाइड. पण एक गोष्ट मनाला पटत नाही. पॅनेलवाले काका, तुमचं ऐकलं तर आयडियाला काही किंमतच नाही असं होतं. कोणी आधी डोकं लावल्याशिवाय वस्तू कुठून येणार? मित्राला कोड जमतो, पण ‘कूलरवर कर’ हे त्याला सुचलं नव्हतं, मला सुचलं. आणि वायर, खिळे, कपॅसिटर हे सगळं पैसे दिले की कोणीही करून देतो ना?

जुनी_पुस्तकं_महाल

‘पैसे दिले की कोणीही करून देतो’ यावर एक गोष्ट आठवली. चार्ल्स बॅबेजने १८२० च्या दशकात आकडेमोडीचं यंत्र आखलं, त्याला डिफरन्स इंजिन म्हणतात. ब्रिटिश सरकारने त्यासाठी पैसा दिला, थोडाथोडका नाही. ते बनवायला जोसेफ क्लेमंट नावाचा त्या काळातला अव्वल कारागीर धरला होता. १८३३ मध्ये दोघांचं पैशावरून आणि कारखाना हलवण्यावरून बिनसलं, क्लेमंटने काम थांबवलं, आणि १८४२ मध्ये सरकारने हात काढून घेतला. पुढे बॅबेजने आणखी सुटसुटीत दुसरं इंजिन कागदावर उतरवलं, ते त्याच्या हयातीत बनलंच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याच आराखड्यांवरून ते बनवलं, भागांची अचूकताही त्या काळी जमण्याजोगीच ठेवली, आणि ते बरोबर चाललं. म्हणजे डोकं बरोबर, आराखडा बरोबर, पैसाही होता. अडलं ते कारागिरापाशी.

आयडियाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही, तर्रीभाऊ. पण तुम्ही दहा टक्क्यांवर ज्याला बसवू पाहताय तो तुमचा क्लेमंट आहे.

नंदनवनची_काकू

मी इथे फक्त वाचते, पण कूलरचा विषय निघाला म्हणून लिहिते. बेटा, बटण बंद करायला उठावं लागतं ते फार तर दहा-पंधरा दिवस. पाणी भरायला उठावं लागतं ते तीन महिने! रात्री झोपताना टाकी काठोकाठ भरली तरी तीनच्या सुमाराला कूलर गरम हवा फेकायला लागतो. मग अंधारात बादल्या. आमच्या ह्यांची कंबर त्यापायीच गेली. पंप कोरडा चालून जळतो तो वेगळाच, दर वर्षी एक नवा आणतो आम्ही.

दुसरं म्हणजे, पावसाळा लागला की कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. मनपाची माणसं घरोघरी येऊन टाकी पाहतात, अळ्या दिसल्या की ऐकून घ्यावं लागतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची असते, कोणी करत नाही कारण बूच खाली गाळात असतं. तुझा डबा याचं काही करतो का?

आणि शॉकचं बघ. दर उन्हाळ्यात पेपरात येतं, कूलरला हात लावला आणि माणूस गेला. तुझ्या डब्याच्या आणखी चार वायरी त्या ओल्या पत्र्याजवळ येणार म्हटल्यावर मी तरी आधी विचार करीन.

ओला_फुगा

काकू, तुमच्या तीन वाजताचा हिशेब लागतो. मोठा कूलर तासाला ३००० घनमीटर हवा १५ अंशांनी खाली आणत असेल तर त्याला तासाला वीसेक लिटर पाणी उडवावं लागतं. शंभर लिटरची टाकी पाच तासांत संपली. दहाला भरली की तीनला कोरडी.

हिंगणा_पॅनेलवाले

काकूंनी जे लिहिलं ते प्रिंट काढून भिंतीवर लाव, पोरा. त्यात आणखी एक भर घालतो. लोक कूलर घेतात मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा हवा कोरडी ठक्क असते आणि तुझा डबा पूर्ण सीझनभर एकच काम करेल, पंप चालू ठेवायचं. त्याचा उपयोग दिसणार जूनमध्ये, तेव्हा दुकानदार कूलर गोदामात ढकलून राहिला असतो. म्हणजे विकायच्या दिवसांत वस्तू चुप, आणि बोलायला लागली तेव्हा गिऱ्हाईक नाही. तुझी परीक्षाही त्याच पंधरा-वीस दिवसांत व्हायची. तिथे काही बिघडलं तर दुरुस्त करून पुन्हा पाहायला पुढच्या जूनची वाट. पाणी संपल्याचा त्रास मात्र गुढीपाडव्यापासून रोज रात्री आहे, रोज तपासता येतो.

म्हणून म्हणतो, आर्द्रता आत राहू दे, पण वस्तू पाण्याची बनव. फ्लोट खाली गेला की पंप बंद, म्हणजे जळणार नाही. त्याआधी, टाकीत थोडं पाणी शिल्लक असतानाच, घरच्यांना झोपण्यापूर्वी कळलं पाहिजे की हे रात्रभर पुरणार नाही. ज्यांच्याकडे वरच्या टाकीची लाइन आहे ते बॉलकॉक बसवतात, टाकी आपोआप भरत राहते, त्यांना तुझी गरज नाही. भाड्याने राहणारे, बादलीवाले, हे तुझे लोक.

किमतीचं म्हणशील तर किंमत आयडियाची नाही असं मी म्हटलंच नव्हतं. ‘कूलरवर कर’ हे तुला सुचलं ते चांगलंच आहे, पण आत्ता काकूंना जे ठाऊक होतं ते तुला नव्हतं, आणि ते कळायला डबा बनवायचीही गरज नव्हती, चार घरं फिरला असतास तर कळलं असतं. मित्राशी आज टक्के ठरवू नका. दोघांनी किती वेळ द्यायचा, खर्च कोण करणार, मधेच एक जण सोडून गेला तर कोडचं आणि वस्तूचं काय, हे साध्या कागदावर लिहून सह्या करा. कारखान्यात काम करतोस, तर नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय तेही बघून ठेव. मोठ्या कंपनीकडे आत्ता जाऊ नको. त्यांना आयडियांचा तुटवडा नसतो.

शॉकचा मुद्दा पहिला घे. सेन्सरकडे जाणारी वायर कमी व्होल्टेजची, मेन्सपासून पूर्ण वेगळी. पत्र्याला अर्थिंग, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. हे ज्या घरात नाही तिथे डबा बसवायचाच नाही, फुकट मागितला तरी.

तर्री_पोहा

काकू, पाण्याचं खरंच डोक्यात नव्हतं, आमच्याकडे बॉलकॉक आहे. टाकी रिकामी करायचं मात्र आपोआप होईल असं वाटत नाही, त्याला व्हॉल्व्ह लागेल आणि तो गाळाने जाम होईल. आठवड्यातून एकदा दिवा लागून आठवण करून देईल एवढं जमेल.

मित्राशी रविवारी बसतो. निम्म्याला माझी अजून पूर्ण तयारी नाही, पण दहा टक्क्यांचं पुन्हा बोलणार नाही. काका, एकच विचारतो, मोबाइल अ‍ॅप ठेवू का? लोगो अ‍ॅपसाठीच बनवला होता.

हिंगणा_पॅनेलवाले

पहिल्या चार डब्यांत नको. काकूंच्या ह्यांना रात्री तीनला मोबाइल उघडायला लावू नको, दिवा आणि बझर पुरे. शिवाय वायफायची वस्तू विकायची म्हटली की डब्ल्यूपीसीची (वायरलेस वस्तूंचं सरकारी खातं) ईटीए मान्यता बघावी लागते, ते एक काम आत्तापुरतं टळेल. चार डबे चार वेगळ्या घरी लाव. एक काकूंकडे, त्या हो म्हणाल्या तर. एक वरच्या मजल्यावर टिनाखाली राहणाऱ्या कोणाकडे, जिथे सगळ्यात जास्त तापतं. त्यांच्याकडून पैसे घे, थोडे का होईना. फुकट दिलेला डबा बंद पडला तर लोक सांगतही नाहीत.

आत्ता फेब्रुवारी आहे. होळीनंतर कूलर खाली उतरतात, ताट्या बदलतात, टाकीला आतून डांबर मारतात. तेव्हा फ्लोट बसवणं सोपं, पाणी भरल्यावर कोणी हात लावू देत नाही. शनिवारी दुपारनंतर युनिटवर ये, मित्राला घेऊन. स्नबर, फ्लोट आणि १०५ अंशांपर्यंत टिकणारे कपॅसिटर माझ्याकडे पडलेले आहेत. लोगो आणायचा असेल तर आण, डब्यावर चिकटवायला जागा ठेवू.

नंदनवनची_काकू

माझ्याकडे लाव. पण बझर हळू आवाजाचा ठेव, बाजूच्या खोलीत नातू झोपतो.